दिवाळीत बुजवलेली भेग गुढीपाडव्याला पुन्हा उघडते, तेव्हा काय करायचं?

पावसाळा सरला की घराला रंग काढायचा आणि रंगाआधी कोपऱ्यातली भेग पुट्टीने बुजवून घ्यायची, हा आपल्याकडचा ठरलेला क्रम. दिवाळीला भिंत सपाट दिसते. संक्रांत उलटली की त्याच जागी केसाएवढी रेघ उमटते, पाडव्याला पुट्टीचे पापुद्रे सुटायला लागतात आणि वैशाखात त्या भेगेत एटीएम कार्ड आरामात शिरतं. मग रंगाऱ्याला बोल लागतो. पुढच्या वर्षी दुसरा रंगारी येतो, महागातली पुट्टी येते, आणि पाडव्याला पुन्हा तेच.

मी सोलापूर भागात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. या तक्रारीसाठी जी घरं पाहिली, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी पुट्टीत काही खोट नव्हती. भेग दरवर्षी त्याच जागी येते, याचा अर्थ त्या जागी घर हलतं आहे. ते का हलतं, किती हलतं आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत हलतं, एवढं कळल्याशिवाय तिथे भरलेलं काहीही टिकणार नाही. म्हणून हे लिखाण भेग भरण्यापेक्षा भेग वाचण्याबद्दल जास्त आहे. भरायची रीतही शेवटी दिली आहे, पण कृपा करून थेट तिथे उडी मारू नका.

पुट्टी खरवडा आणि आत बघा

पहिलं काम अगदी साधं आहे. भेगेवरची वीतभर पुट्टी आणि रंग पत्रीने खरवडून काढा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. बद्द, पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. तेवढा भाग छन्नीने उतरवा. खालची वीट किंवा दगड अखंड दिसला आणि भेग फक्त गिलाव्यातच होती असं कळलं, तर तुमचं काम सोपं आहे. सुटलेला गिलावा काढा, भिंत धुऊन ओली करा, कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना पाच-सहा इंच जाईल अशी जाळी खिळ्यांनी घट्ट बसवा, नवा गिलावा करा आणि त्यावर निदान सात दिवस पाणी मारा. जाळी भिंतीला चिकटून बसली पाहिजे. ती मध्ये फुगलेली राहिली तर तिच्यामागे पोकळी राहते आणि गिलावा तिथूनच सुटतो.

छन्नी मारल्यावर भेग विटेत किंवा विटांमधल्या सांध्यात पुढे गेलेली दिसली, तर थांबा. आता बाहेर जा आणि त्याच जागी भिंतीच्या दुसऱ्या अंगाला बघा. आत-बाहेर दोन्हीकडे भेग असेल तर ती आरपार आहे आणि तिचा गिलाव्याशी संबंध नाही.

आरपार भेग नीट बघितली की ती बरंच काही सांगते. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर घराचा तो कोपरा बाहेर कलतो आहे किंवा खाली बसतो आहे, असं बहुतेक वेळा निघतं. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर भिंतीचा मधला भाग खचत असण्याची शक्यता जास्त. वरपासून खालपर्यंत सारखीच रुंद, ओळंब्यात सरळ असेल तर दोन भिंती एकमेकींपासून सुटताहेत. खिडकीच्या किंवा चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली असेल, तर तिच्या मध्यावरून काटकोनात खाली जाणारी एक रेघ मनातल्या मनात काढा. ती रेघ साधारणपणे खचणाऱ्या बाजूकडे जाते. छताला लागून आडवी गेली असेल तर तिचं मूळ जमिनीत नसून गच्चीवर शोधायचं.

भेगेची रुंदीही मोजा. भारतीय मानक संस्थेने (आताच्या भारतीय मानक ब्यूरोने) १९८४ साली इमारतींतल्या भेगांवर एसपी २५ नावाची पुस्तिका काढली. तिच्यात एक मिलिमीटरच्या आतली बारीक, एक ते दोन मिलिमीटर मध्यम आणि दोनच्या वर रुंद, अशी सरळ विभागणी आहे. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्ड शिरत नसेल तर भेग बारीक, दोन कार्डं एकत्र शिरली तर मध्यम, तीन शिरली तर रुंद. घरातल्या घरात एवढा अंदाज पुरेसा आहे.

वर्षभराची नोंद, आणि ती का हवी

भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ ओढा. भेगेच्या दोन्ही बाजूंना, बरोबर त्या रेघेवर, एकेक बारीक स्क्रू पक्का बसवा. दोन स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियरने (मिलिमीटरचेही अंश मोजणाऱ्या कॅलिपरने) मोजा आणि तिथेच भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला परत मोजा. पेन्सिलच्या रेघेचे दोन तुकडे वर-खाली सरकले, तर भिंत नुसती फाकत नाहीये, एक बाजू खालीही उतरते आहे, हे त्यातून दिसतं. व्हर्नियर नसेल तर काचेची बारीक पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. हालचाल झाली की काच तडकते. पण काच फक्त हललं एवढंच सांगते. किती हललं आणि परत मिटलं का, ते सांगत नाही. म्हणून मी स्क्रूच पसंत करतो.

वर्षभर थांबा म्हटलं की घरमालकाचा चेहरा उतरतो. तरीही मी यावर अडून बसतो, कारण पुढचा सगळा इलाज या आकड्यांवर ठरतो. वैशाखात उघडून भाद्रपदात मिटणारी भेग, पावसात उघडणारी भेग, दुपारी उघडून पहाटे मिटणारी भेग आणि कधीच न मिटता रोज थोडी थोडी वाढणारी भेग, या चार वेगळ्या दुखण्यांच्या भेगा आहेत. भिंतीवर मात्र चारही सारख्याच दिसतात.

काळ्या जमिनीवरचं घर

आमच्याकडे, आणि मराठवाडा-विदर्भातही, सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. जुनी गावं पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या पांढरट जमिनीवर, वसलेली असत आणि काळी पिकासाठी राखलेली असे. शहरं वाढली तशा वसाहती काळ्या रानात गेल्या. साठ-सत्तरच्या दशकात अशा वसाहतींत बांधलेली बैठी घरं बहुतेक विटांच्या वजनदार भिंतींची, तीन-चार फूट खोल पायाची. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा स्वभाव असा की पाणी प्यायली की ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात, तीच माती तुमच्या पायाखाली आहे.

आता कोपराच का फाटतो, ते बघा. घराच्या मधोमध जमिनीवर फरशी आणि वर छप्पर असतं, त्यामुळे तिथली माती वर्षभर जवळपास सारख्या ओलीची राहते. बाहेरच्या भिंतींलगतची माती मात्र उन्हाने वाळते. बाहेरच्या भिंतीला एका बाजूने ऊन मिळतं, तर घराच्या कोपऱ्याला दोन बाजूंनी. त्यामुळे कोपऱ्याखालची माती सगळ्यात जास्त आकसते आणि पुढच्या पावसात सगळ्यात जास्त फुगते. बाहेरचा कोपरा असा वर-खाली होत असताना आतली आडवी भिंत मात्र जागेवर असते. या दोघींची जिथे गाठ पडते त्या आतल्या कोपऱ्यात ताण येतो आणि वीट ताण सोसत नाही. म्हणून भेग वर रुंद आणि खाली निमुळती दिसते, आणि ती दिवाळीनंतर उघडत जाऊन ज्येष्ठात सगळ्यात मोठी होते.

दिवाळी-पाडव्याचा हिशोब इथे जुळतो. आमच्या भागात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. दसरा-दिवाळीला जमीन पोटभर पाणी प्यायलेली असते, माती पूर्ण फुगलेली असते आणि भेग वर्षातली सगळ्यात अरुंद असते. नेमकी तेव्हाच आपण ती कडक पुट्टीने बंद करतो. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यात तिला फक्त उघडायचंच असतं. याउलट कोणी वैशाखात, भेग पूर्ण उघडी असताना, सिमेंटचा माल ठासून भरला तर आणखी वाईट. पावसाळ्यात भेग मिटायला येते तेव्हा आतला माल पाचरीसारखा अडतो आणि भिंत शेजारी दुसरीकडे फुटते. एका भेगेच्या जागी दोन होतात, ते असं.

मागे एका घरात देवघराच्या खोलीचा आग्नेय कोपरा असाच दरवर्षी फाटत होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "अहो, सिमेंट भरून झालं, जाळी मारून झाली, आता मुलगा म्हणतो भिंतच पाडू या." बाहेर जाऊन बघितलं तर त्या कोपऱ्यावर गच्चीच्या पाण्याचा पाइप उतरलेला होता आणि जोत्याला लागूनच त्याचं तोंड उघडं सोडलेलं. पाऊसभर सगळ्या गच्चीचं पाणी त्या एका कोपऱ्यात मुरायचं. भिंतीपासून पाच-सहा फुटांवर वाढलेला कडुलिंब उन्हाळ्यात तीच ओल शोषून घ्यायचा. घराचे बाकीचे तीन कोपरे जेवढे हलत होते, त्याच्या कितीतरी पट हा एकटा हलत होता. भिंत पाडून नवी बांधली असती तरी ती त्याच जागी फाटली असती.

म्हणून काळ्या जमिनीवरच्या घरात पहिला खर्च भिंतीवर करू नका, बाहेर करा. गच्चीचे आणि मोरीचे पाइप भिंतीपासून दूर, शक्यतो गटारापर्यंत बंद नेऊन सोडा. भिंतीलगतची फुलझाडांची आळी काढा. रोज पाणी घालायची जागा भिंतीपासून लांब न्या. घराभोवती निदान चार-पाच फूट रुंद पट्ट्यातली काळी माती फूट-दीड फूट उकरून तिथे मुरूम भरा आणि धुम्मस करून (ठोकून) घट्ट बसवा. त्यावर बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा करा. पट्टा आणि भिंत यांच्यामधला सांधा डांबराने बंद करा, नाहीतर सगळं पाणी नेमकं त्याच फटीतून पायाशी उतरतं. या पट्ट्याने पायाखालच्या मातीची ओल वर्षभर बरीचशी सारखी राहते. माती कमी हलली की भेगही कमी हलते. ती पूर्ण थांबेलच असं मी सांगणार नाही, पण वर्षाची हालचाल निम्म्यावर आली तरी पुढचं भरणं टिकायला लागतं.

झाडाबद्दल थोडं जपून बोलतो. चिकणमातीत झाड आणि भिंत यांच्यात झाडाच्या उंचीइतकं अंतर असावं, असा ढोबळ नियम आहे. पण घराजवळचं मोठं जुनं झाड एकदम तोडलं तर त्याने इतकी वर्षं कोरडी ठेवलेली माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि भिंत उलट दिशेने उचलली जाते. शिवाय शहरात झाड तोडायला परवानगी लागते. मी आधी छाटणी सुचवतो आणि झाड राहू द्या म्हणतो.

पायाच्या दृष्टीने खरा इलाज म्हणजे ऋतूंप्रमाणे ओल जिथे बदलत नाही तिथपर्यंत खाली जाणं. काळी माती खोल असेल तर हे अंतर साधारण साडेतीन मीटरपर्यंत धरतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, विकसित केले. नवं घर बांधणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. उभ्या घराखाली असं काम करणं महाग आणि जोखमीचं आहे. ते फक्त इंजिनिअरच्या आराखड्यावरच करायचं.

मागाहून जोडलेली खोली

कुटुंब वाढलं की घराला एक खोली वाढते. जुन्या घरांत कोपऱ्यातली सरळ उभी, वरपासून खालपर्यंत सारखी रुंद भेग बहुधा या वाढीव खोलीच्या सांध्यावर असते. जुन्या भिंतीत दात, म्हणजे पुढच्या जोडकामासाठी बाहेर काढलेल्या विटा, सोडलेले नसतात, आणि नवी भिंत नुसती येऊन टेकते. जुना पाया बसून स्थिरावलेला, नवा अजून बसायचा. त्यात दोन्ही पायांची खोली वेगळी. अशी भेग पहिली काही वर्षं वाढते आणि मग थोड्याशा हालचालीवर स्थिरावते.

इथे माझं मत अनेक मिस्त्रींपेक्षा वेगळं आहे. दोन वेगळ्या पायांवरच्या भिंती सळ्या घालून एक करायचा हट्ट सहसा धरू नये. त्या दोघी वेगवेगळ्या हलणार आहेत, तर त्यांना हलू द्या आणि त्यांच्यामधला सांधा सांधा म्हणूनच नीट करा. कसा, ते पुढे सांगतो. दोन्ही भिंती एकाच पायावर असतील आणि फक्त जोडकाम चुकलेलं असेल, तरच टाके घाला. त्यासाठी दर चार-पाच थरांनंतर विटांमधला आडवा सांधा दोन्ही भिंतींत दीड-दीड फूट लांब आणि दीड-दोन इंच खोल कोरायचा. त्यात काटकोनात वाकवलेली सहा मिलिमीटरची सळई बसवायची आणि एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाने किंवा न आकसणाऱ्या ग्राउटने तो पूर्ण भरायचा. कोपरा ओलीचा असेल तर स्टेनलेस स्टीलचीच सळई घ्या. साधी सळई गंजली की फुगते आणि काही वर्षांनी तीच भिंत फोडते.

माळवद काढून स्लॅब टाकलेली घरं

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात माळवदाची घरं अजून बरीच आहेत. दोन-अडीच फूट रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडी सरांवर मातीचं जाड धाबं. धाबं गळतं, दरवर्षी त्यावर माती टाकायला माणूस मिळत नाही, म्हणून लोक ते काढून त्याच जुन्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकतात. वर्षभरात छताखाली आडवी भेग येते आणि कोपऱ्यात ती तिरपी खाली उतरते.

कारण ऊन. माळवदाची माती ऊन आत येऊ देत नव्हती, चार-पाच इंची स्लॅब दुपारभर तापतो. सहा मीटर लांबीचा स्लॅब वीस अंशांनी तापला तर साधारण सव्वा मिलिमीटरने वाढतो. विटांची भिंत तेवढ्याच तापमानाला त्याच्या निम्म्यानेच वाढते आणि जाड दगडी भिंत तर आतून तापतही नाही. कोपऱ्यात स्लॅब दोन्ही दिशांनी ढकलतो, शिवाय त्याचा कोपरा किंचित वर वळतो. अशी भेग उन्हाळ्यात दुपारी आणि पहाटे अशी दोनदा मोजली की फरक दिसतो. तसा फरक दिसला की कारण नक्की झालं.

इलाज गच्चीवर आहे. गळती आधी बंद करा. मग पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर किंवा उन्हाला परतवणारा पांढरा लेप द्या. जुन्या भिंतींवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा चढवण्याआधी मात्र वजनाचा विचार करा, कारण त्या भिंती स्लॅबचं वजनही मुळात पेलत आलेल्या नाहीत. आतून, छत आणि भिंत यांच्या गाठीवर गिलाव्यात सरळ बारीक खाच पाडा. भेग येणारच असेल तर ती त्या खाचेत येऊ दे, तिथे ती कोणाला दिसत नाही.

दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. भिंतीतली ओल सिमेंटमागे अडकते, आतली माती भुसभुशीत होते आणि गिलावा मोठमोठ्या तुकड्यांनी सुटतो. तिथे चुना-वाळूचाच माल हवा. मुरवलेल्या चुन्याचा एक भाग, वाळूचे तीन भाग, पातळ थरांत, आणि दोन थरांमध्ये सुकायला पुरेसा वेळ. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, पण असे गवंडी अजून आहेत.

कॉलमला लागून येणारी भेग

१९८० नंतरच्या सदनिकांमध्ये कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर उभी, बारीक, सरळ भेग येते. काँक्रीट आणि वीट उन्हाने वेगवेगळी वाढतात, एवढंच तिचं कारण. सांधा साफ करून जाळीची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी पसरवली आणि वरून गिलावा केला की बहुधा काम भागतं.

मात्र भेग कॉलमच्या अंगावरच असेल, कडेला तपकिरी डाग असेल आणि ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर आत सळई गंजते आहे. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर हे फार आढळतं. त्यावर पुट्टी लावणं म्हणजे आजार झाकणं. हे काम एका घराचं नसून साऱ्या इमारतीचं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर पाच वर्षांनी आणि तिसापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. आपल्या संस्थेचं ते कधी झालं, हे सभेत विचारा.

मिस्त्रीऐवजी इंजिनिअर बोलवा, अशा खुणा

भेग पाच मिलिमीटरच्या वर गेली असेल. महिन्याभरात वाढलेली डोळ्यांना दिसत असेल. दार अचानक चौकटीत अडकायला लागलं असेल किंवा फरशी एका बाजूला उतरली असेल. ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर कललेली दिसत असेल. यांतलं एकही असेल तर भेग भरू नका, संरचनेचा अभ्यास असलेल्या इंजिनिअरला दाखवा.

दगड-मातीच्या भिंतीला पोट सुटलेलं असेल, म्हणजे ती मध्येच बाहेर फुगलेली असेल, तर मोठ्या पावसात त्या खोलीत कोणी झोपू नये. अशा भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन दगडी थर असतात. दोन्हींना आरपार जाणारे लांब दगड नसले की ते एकमेकांपासून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड, भक्कम दिसणाऱ्या भिंती कोसळल्या आणि माणसं त्यांच्याखाली सापडली. त्यानंतर मराठवाड्यात जुन्या भिंतींना आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरायची पद्धत शिकवली गेली. कोपऱ्यातली भेग आणि सुटलेलं पोट एकत्र दिसलं, तर तुमच्या भिंतीला त्याचीच गरज आहे.

आता भरायची रीत

पाणी बाहेर काढलं, वर्षभराची मोजमापं हातात आली, भेग दोन मिलिमीटरच्या आतच उघडते-मिटते आहे हे कळलं. आता भरू या.

वेळ पौष-माघाची निवडा, म्हणजे जानेवारी ते फेब्रुवारी. भिंत कोरडी असते आणि भेग तिच्या वर्षाच्या हालचालीच्या साधारण मध्यावर असते. नेमका महिना तुमच्या नोंदीतून ठरवा. जमीन आणि पाऊस यांप्रमाणे तो थोडा मागेपुढे होतो.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खाचेची रुंदी. एक मिलिमीटरच्या भेगेत कितीही चांगला माल भरला आणि भेग आणखी एक मिलिमीटरने उघडली, तर त्या मालाला दुप्पट ताणावं लागतं. तेवढं ताणणारं काही बाजारात सहसा मिळत नाही, म्हणून तो फाटतो. तीच भेग दहा मिलिमीटर रुंद कापली तर एक मिलिमीटरची हालचाल म्हणजे फक्त दहा टक्के ताण. चांगला पॉलियुरेथेन सीलंट (सांधा भरायचा रबरासारखा लवचीक माल) पंचवीस टक्क्यांपर्यंत मागे-पुढे सहज होतो. साध्या अ‍ॅक्रिलिकची ताकद याहून बरीच कमी असते, म्हणून हलणाऱ्या भेगेला ते घेऊ नका. सिलिकॉन ताणलं जातं, पण त्यावर रंग बसत नाही.

ग्राइंडरने भेगेच्या दोन्ही बाजूंना समांतर काप घ्या आणि मधला गिलावा काढून दहा ते बारा मिलिमीटर रुंदीची, सरळ कडांची खाच करा. इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कडक मालासाठी असते, इथे चौकोनीच हवी. धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढा, शक्य असेल तर व्हॅक्यूम लावा. धुळीवर सीलंट चिकटत नाही आणि बहुतेक कामं इथेच फसतात. खाचेच्या तळाशी फोमची गोल दोरी दाबून बसवा. तिची जाडी खाचेपेक्षा थोडी जास्त घ्या, म्हणजे ती घट्ट बसते. सीलंट दोन्ही कडांनाच चिकटला पाहिजे, तळाला नाही. तिन्ही बाजूंनी चिकटला तर त्याला ताणायला जागाच उरत नाही आणि तो मधून फाटतो. ही दोरी त्यासाठीच असते. बरेच जण ती अनावश्यक समजून वगळतात.

कडांना कंपनीने सांगितलेला प्रायमर लावा, बाजूंना मास्किंग टेप चिकटवा आणि सीलंट खाचेच्या रुंदीच्या निम्म्या खोलीपर्यंत भरा, म्हणजे दहाच्या खाचेत पाच मिलिमीटर. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीने एकदाच, एका दिशेने ओढा आणि टेप लगेच काढा. वाळायला किती वेळ द्यायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढा पूर्ण द्या.

त्यावर पुट्टी फिरवू नका. पुट्टी कडक असते. खाली सीलंट हलला की ती पुन्हा तडकते आणि भेग परत आली असं वाटतं. भिंतीवरची पुट्टी खाचेच्या कडेपर्यंत आणून थांबवा आणि सीलंटवर थेट लवचीक अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या. कोपरा असल्यामुळे ती बारीक रेघ डोळ्यांत भरत नाही. तरीही ती नकोच असेल, तर लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कोनपट्टी लावा, पण ती एकाच भिंतीला ठोका. दोन्ही भिंतींना ठोकली तर पट्टी वाकते किंवा उपटून येते.

मोजायचे स्क्रू लगेच काढू नका. ज्येष्ठात एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा मोजा. आकडे आधीच्या वर्षापेक्षा कमी आले तर बाहेरचा पट्टा काम करतो आहे. तेवढेच आले तर पट्ट्याचा आणि भिंतीचा सांधा पाण्याची बादली ओतून तपासा. पाणी खाली मुरताना दिसलं तर तिथलं डांबर पुन्हा भरून घ्या.